न चाखता केलेला सॉस

श्रीपतनं परडीतली पानं ओंजळीत घेतली आणि थेट माझ्या नाकाशी आणली.

"घ्या कुमुदताई, वास घ्या. चौदा वर्षांत विसरला असाल."

ती त्यांची इटालियन तुळस, बेझिल. मी डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला आणि म्हटलं, "अहाहा! काय घमघमाट आहे रे!"

कसला घमघमाट नि कसलं काय. त्याच्या ओंजळीत वाळका पाला असता तरी मी तेवढंच म्हटलं असतं. दीड वर्षापूर्वी मला मोठा ताप आला होता. बारा दिवस अंग भाजून निघालं, आणि ताप उतरला तो माझा वास आणि चव दोन्ही घेऊन उतरला. चिपळूणचे डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. मेली आलीच नाही. मीठ, साखर, चिंच, मिरची, सगळं मला ओला कागद चावल्यासारखं लागायचं. आणि अशी मी, पुण्यात, लुईझाबाईंच्या हॉटेलात स्वयंपाकीण म्हणून परत येऊन उभी होते! कुणाला नुसता संशय आला असता तरी माझी पिशवी हातात देऊन मला मागल्या दारानं वाटेला लावलं असतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावन्नची होते.

लुईझाबाई मूळच्या इटलीच्या. तरुणपणी पुण्याच्या एका आश्रमात आल्या, आश्रम सुटला पण पुणं सुटलं नाही. बंडगार्डनच्या बाजूला एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांनी हॉटेल काढलं. पाटीवर इटालियन नाव होतं, पण रिक्षावाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे म्हणायचे, लुईझाबाईंचं हॉटेल. मराठी त्या टोमॅटो सोलायला येणाऱ्या बायकांकडून शिकल्या, त्यामुळे पुरुषांनाही 'अगं' म्हणायच्या. मी लहान वयात विधवा झाले, लोकांच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करून पोट भरत होते. त्यांनी मला पहिल्यांदा टोमॅटो सोलायलाच बोलावलं आणि चार महिन्यांत सॉसच्या पातेल्यापाशी उभं केलं. अकरा वर्षं मी तिथे होते. मग आई आजारी पडली म्हणून चिपळूणला दादाकडे गेले. आई गेली आणि मी तिथेच राहिले.

दादाच्या घरी स्वयंपाक माझ्याकडे होता. तापानंतर मी जमेल तसं रेटलं. पण एक दिवस दूध करपलं, घरभर धूर झाला, आणि मी शेगडीच्या शेजारी शेंगा सोलत बसले होते. वहिनी धावत आली. चिडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "वन्सं, तुम्ही आता आराम करा. खूप केलंत." त्या दिवसापासून मला कुणी शेगडीपाशी जाऊ दिलं नाही. मी पाट मांडायची आणि पानं घ्यायची. बसल्या जागी मेल्यासारखं वाटायचं मला. म्हणून लुईझाबाईंचा फोन आला, "कुमू, ये, फार गरज आहे," तेव्हा मी खरं काही न सांगता पिशवी भरली.

आता श्रीपत माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मी गेले तेव्हा हा तिथे कांदा चिरायचा. आता पंचेचाळिशीचा, स्वयंपाकघराचा मुख्य, कानाशी केस पिकलेले.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "सिन्योरांना आज धीर हवाय." लुईझाबाईंना तो सिन्योरा म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब.

"का? झालंय काय?"

तो बोलणार एवढ्यात लुईझाबाई आल्या. बाई गं, किती वाळल्या होत्या! पूर्वी दारातून आत आल्या की दार भरायचं. आता हातात काठी होती, पण कपाळावरचा रुमाल तसाच घट्ट बांधलेला. त्यांनी मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाल्या, "तू म्हातारी झालीस गं."

"आणि तुम्ही काय सोळा वर्षांच्या?"

त्या खदखदून हसल्या. मग माझा दंड धरून मला कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"ऐक कुमू. आज दुपारी नीना येणार. बारा माणसं घेऊन."

नीना म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. याच स्वयंपाकघरात पिठाशी खेळत मोठी झाली.

"मग येऊ दे की. बारा म्हणजे काय जास्त आहेत?"

"त्यातले चार एका कॉफीच्या कंपनीचे. त्यांना ही जागा पाहिजे, आणि ती नीनाच्या नावावर आहे. नीना म्हणते, मम्मा, तू अठ्ठ्याहत्तरची झालीस, आता पुरे. मी भांडले. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, रविवारी बारा जणांना पूर्वीसारखं जेवायला घाल. मला पूर्वीची चव मिळाली तर त्यांना मी नाही म्हणून सांगीन. नाही मिळाली, तर दुपारी सही." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "हे बंद झालं तर मी काय करू सांग. खिडकीत बसू?"

आत्ताच सांगावं, असं वाटलं. लुईझाबाई, मला चव कळत नाही, श्रीपतला करू दे. जिभेवर आलं होतं. पण त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"सॉस तूच कर. तुझ्या सॉसला मला कधी काही म्हणावं लागलं नाही."

आणि मी मूर्खासारखी म्हटलं, "करते."

सांगते खरं तेच. त्यांच्यासाठी 'करते' म्हटलं नाही मी. स्वतःसाठी म्हटलं. दीड वर्षानं कुणीतरी मला शेगडीपाशी बोलावत होतं.

पदर खोचला, हात धुतले आणि पातेलं चढवलं. डाव घेऊन नुसती उभी राहिले. मग मनाशी म्हटलं, कुमुद, शुद्धीवर ये. नैवेद्याचा स्वयंपाक तू कधी चाखून केला होतास?

आमच्यात नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी जीभ लावत नाही. चाखलं की उष्टं झालं, मग ते देवापुढे कसं ठेवणार? लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. पहिल्याच सणाला आमटी डावात घेऊन तोंडाकडे नेली, तशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "डोळ्यानं चाख," म्हणाल्या. "कानानं चाख." चाळीस पानांचा स्वयंपाक त्या एक थेंब जिभेवर न घेता करायच्या आणि कधी काही उणं पडायचं नाही. मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते.

तेव्हा मी डोळ्यानं आणि कानानं चाखत सुटले. तेलात लसूण टाकली की आधी ती बडबडते आणि मग बोलणं कमी होतं, तेव्हाच टोमॅटो घालायचे, नाहीतर कडू होते. टोमॅटोचे बुडबुडे आधी मोठे नि उतावळे येतात, पाणी आटलं की लहान आणि सावकाश. कडेला तेल सुटलं. डाव फिरवला की पातेल्याचा तळ क्षणभर दिसायला लागला. मी पानं हातानं तोडून टाकली आणि गॅस बंद केला. सगळं बरोबर होतं. हाताला कळत होतं.

राहिलं मीठ. पण मिठाची मला चिंता नव्हती, कारण त्या स्वयंपाकघराचा एक कायदाच होता. सॉस लुईझाबाईंकडे जायचा तो अळणी. त्या चाखायच्या, चिमूट सोडायच्या, परत चाखायच्या. अकरा वर्षांत सॉसमध्ये त्यांच्याखेरीज कुणी मीठ घातलं नव्हतं. एका स्वयंपाक्यानं एकदा घातलं, तर बाईंनी पातेलं मोरीत ओतलं होतं. मला तेव्हा तो कायदा जाचक वाटायचा. त्या दिवशी देवासारखा वाटला.

वाटीत सॉस घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. त्या मधल्या टेबलाशी स्टुलावर बसल्या होत्या. श्रीपत पलीकडे पास्त्याचं पाणी चढवत होता. बाईंनी चमचाभर तोंडात घेतला. डोळे मिटले. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते, आता मिठाकडे जाईल, आता जाईल.

हात मांडीवरच राहिला.

"वा!" त्या म्हणाल्या. "अगदी तुझा सॉस. पाठव."

वाटी मी तशीच पुढे धरली.

"आणि मीठ, लुईझाबाई?"

"बरोबर आहे."

"बरोबर?"

"बरोबर म्हणजे बरोबर, कुमू. मी चाखलं ना?"

त्या वाटीत मिठाचा कण नव्हता. मी घातलाच नव्हता! आणि ही बाई, जी पूर्वी पास्त्याच्या पाण्यातलं चिमूटभर कमी मीठ खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची, ती म्हणतेय बरोबर. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या हसत होत्या, पण डोळे माझ्या चेहऱ्यावर इकडून तिकडे फिरत होते, काहीतरी शोधत होते. ते बघणं मला चांगलंच माहीत होतं. दीड वर्ष दादाच्या घरी जेवताना मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर तसंच बघत होते, आमटी तिखट आहे की गोड ते कळावं म्हणून.

त्यांचीही गेली होती.

मी वाटी घेऊन पातेल्यापाशी आले. वाटी ठेवली. दोन पावलं कोठीकडे गेले, परत आले. काय करावं सुचेना. श्रीपतला म्हणावं, बाबा रे, चाखून बघ? तो म्हणणार, सिन्योरांनी चाखलंय ना! आणि म्हणणार, ताई, तुम्ही आहात की, तुम्हीच बघा. एका प्रश्नात दोघींचं पितळ उघडं पडणार. बाईंना बाजूला घेऊन सांगावं? काय सांगू? तुमची जीभ गेलीय? आणि त्या म्हणाल्या, बरं, मग तूच चाखून घाल, तर?

तेवढ्यात वाढपी दारातून म्हणाला, "नीनाताई आल्या. बसतायत."

मी कोठीत शिरले. पूर्वी तिथे चिनी मातीच्या बरणीत खडेमीठ असायचं. बरणी जागेवर होती, आत बारीक मीठ. पिशवीतलं, पांढरंशुभ्र. माझ्या हाताला माप ठाऊक होतं ते खड्यांचं. मी मूठ भरली, उघडली, थोडं परत टाकलं, पुन्हा थोडं घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे, दोन मिनिटं असतील, चार असतील. सासूबाई अशा घुटमळल्या असत्या का? शेवटी देवाचं नाव घेतलं, मूठ मिटली आणि बाहेर आले.

श्रीपत माझ्या पातेल्यापासून वळून पास्त्याकडे चालला होता. बाईंची पाठ होती. मी पटकन मूठ पातेल्यात सोडली आणि डावानं ढवळून टाकलं.

आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. म्हटलं, वाचवलं गं बाईला. कुणाला कळणार नाही. मी जन्मभर तोंड उघडणार नाही, आणि त्यांच्या जिभेची उणीव माझ्या हातानं भरून काढत चालवून घेऊ.

नीनाची धरून तेरा प्लेटी गेल्या.

स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच होती. मी तिथे जाऊन उभी राहिले. नीना टेबलाच्या टोकाला होती, चाळिशीची, आईसारखंच रुंद कपाळ. तिनं पहिला घास घेतला. पण घेताना ती पलीकडे वळली, मला तिची पाठच दिसली. तिच्यासमोरच्या जाड गृहस्थानं घास घेतला, आणि पाण्याचा ग्लास उचलला. म्हटलं, घेतात लोक पाणी. शेजारच्या बाईनंही ग्लास उचलला. मग वाढपी पाण्याचा जग घेऊन गेला आणि रिकामा घेऊन परत आला.

"काय गं, खातात का?" मागून लुईझाबाई.

"खातात."

"नीना?"

"दिसत नाही नीट."

दुसरा जग गेला. जाड गृहस्थानं काटा ठेवला. नीना उठली. प्लेट हातात घेऊन ती सरळ आमच्याकडे चालत आली, मला बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही.

"कुमुदमावशी!" ती चमकली, क्षणभर हसली, आणि हसू गेलं. प्लेट तिनं मधल्या टेबलावर ठेवली. "मम्मा, हे कुणी चाखलं?"

"मी," लुईझाबाई म्हणाल्या. "का?"

"तू?"

"मीच चाखते रोज. काय झालं?"

"मम्मा, जीभ जळतेय. खारट्ट झालंय नुसतं. तोंडात घालवत नाहीये."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या काठी चाचपू लागल्या. श्रीपत पुढे आला, त्यानं चमच्यानं थोडा सॉस घेतला, जिभेला लावला आणि त्याचे डोळे विस्फारले. मग त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. उलटसुलट करून बघितलं, हा आपलाच का, असं.

"नीनाताई, चूक माझी," तो म्हणाला. "मीठ मी घातलं."

"कधी?"

"आत्ता. पाठवायच्या आधी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी कोठीत मूठ उघडत-मिटत बसले होते तेव्हा. माझ्या पातेल्यापासून वळताना दिसला होता तो मला!

"मम्मानं चाखून दिल्यावर?" नीनानं विचारलं.

"हो."

"का?"

श्रीपतनं चमचा पुसून ठेवला.

"का पण, श्रीपतदादा? तिनं बरोबर म्हटल्यावर तू कशाला हात घातलास?"

"चुकलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "अंदाज चुकला. कधी चुकत नाही."

कधी चुकत नाही. म्हणजे रोज घालत होता तो. रोज बाई 'वा' म्हणायच्या आणि त्यांची पाठ वळली की हा माणूस चाखून मीठ घालायचा, आणि कुणालाही बोलला नव्हता. बाईंना सुद्धा. आताही बोलत नव्हता. आणि त्याचं मीठ तर बरोबरच होतं! त्यावर मी मूठभर ओतलं होतं.

"हेच म्हणतेय मी," नीना आईकडे वळली. "तुझ्या स्वयंपाकघरात तुला विचारत नाही कुणी. तू चाखतेस आणि तुझ्या मागे तुझाच माणूस वाट्टेल ते करतो. कशाच्या जोरावर चालवणार आहेस तू हे? दादा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती मला. उद्यापासून..."

"नीना," लुईझाबाई म्हणाल्या.

श्रीपत मान खाली घालून उभा. सांगू? मला त्या वेळी काय वाटलं? वाटलं, गप्प बस. मूग गिळून बस, कुमुद. हा गेला तर त्याच्या जागी तू आहेस. कॉफीवाले येवोत न येवोत, चार दिवस तरी शेगडी तुझी. नाहीतर रात्रीच्या गाडीनं चिपळूण, आणि जन्मभर आराम. असं वाटलं मला. वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. मग त्यानं परत एकदा आपला हात बघितला, त्या बिचाऱ्याला कळतच नव्हतं आपल्या हातून एवढं कसं पडलं. ते मला बघवेना.

"त्याचं बरोबर होतं," मी म्हटलं. "त्याच्यावर मी मूठभर घातलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही?" नीना म्हणाली. "न चाखता?"

"चाखून काय करू? मला चवच कळत नाही. वासही येत नाही. दीड वर्ष झालं. मी इथे खोटं बोलून आले." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "सकाळी याच्या ओंजळीतल्या पानांना अहाहा म्हटलं, तेही खोटं. याला काही बोलू नकोस. मी जाते."

"कुमू?" लुईझाबाई म्हणाल्या. एवढंच.

नीना कपाळाला हात लावून उभी राहिली. हुशार पोर, लहानपणापासून हुशार. ती सावकाश म्हणाली, "थांबा. मम्मानं चाखलं. बरोबर म्हणाली. त्याच्यावर दादानं मीठ घातलं. तुम्हीही घातलंत. दोघांनी, एकमेकांना न सांगता. मम्मानं बरोबर म्हटलं असताना तुम्हाला दोघांनाही मीठ का घालावंसं वाटलं?"

मी श्रीपतकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पास्त्याचं पाणी तेवढं उकळत होतं.

लुईझाबाई स्टुलावर बसून आधी त्याच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. मग त्यांनी नीनाची प्लेट स्वतःपुढे ओढली. काटा उचलला. भला मोठा घास घेतला, सॉसनं माखलेला, आणि चावला. तोंड वाकडं झालं नाही. गिळला. दुसरा घास घेतला. शांतपणे चावत राहिल्या, डोळे नीनावर. जाड गृहस्थ ज्याच्या एका घासाला ग्लासभर पाणी प्याले होते, ते त्या दहीभात खावा तसं खात होत्या. तिसरा घास घेतला तेव्हा हनुवटीवर सॉस ओघळला, तो त्यांनी पुसला नाही.

"मम्मा," नीना म्हणाली. "मम्मा, थांब."

त्या थांबल्या नाहीत. चौथ्या घासाला नीनानं पुढे होऊन काटा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"गेल्याच्या आधीच्या दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कुलूप लावलं असतंस."

"लावलंच असतं!" नीना ओरडली, आणि त्याच दमात रडायला लागली. प्लेटीशेजारचा रुमाल घेऊन आईची हनुवटी पुसत होती आणि रडत होती. "दर रविवारी जेवते मी इथे. दर रविवारी. एकदाही काही कमी-जास्त नव्हतं."

लुईझाबाईंनी श्रीपतकडे बघितलं. त्यानं मान फिरवली. एवढा बाप्या माणूस, त्याचे कान लाल झाले होते.

"अगं श्रीपत," त्या म्हणाल्या, "रोज?"

"तुम्ही चाखायच्या, सिन्योरा. मी आपलं नुसतं..." तो शेगडीकडे वळला.

बाई मग माझ्याकडे वळल्या आणि एकदम हसल्या, डोळ्यांत पाणी असताना हसतात तसं. "आणि मी तुला बोलावलं ते तुझ्या जिभेसाठी!"

मला हसू आलं नाही. मी पदरानं हात पुसत माझी पिशवी शोधत होते. कोपऱ्यात पोत्यावर ठेवली होती ती उचलली. कुणाकडे बघायची हिंमत नव्हती. मागलं दार दोन पावलांवर होतं.

नीनानं नाक पुसलं, केस मागे केले. "बाहेर बारा माणसं पाणी पिऊन बसलीत," ती म्हणाली. "अर्धा तास मी त्यांना बोलण्यात गुंतवते. त्याच्यावर एक मिनिट नाही." आणि आईच्या डोक्यावर हात ठेवून ती दारातून बाहेर गेली. त्या दुपारी तिनं सही केली नाही. पाच वर्षांनी केली, लुईझाबाई गेल्यावर.

पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी मागल्या दाराची कडी काढत होते, तेव्हा श्रीपतनं माझं पातेलं मोरीत उपडं केल्याचा आवाज आला. मग नळाचा आवाज. मग पातेलं परत शेगडीवर ठेवल्याचा.

"ताई," तो वैतागून म्हणाला, "पिशवी घेऊन कुठे निघालात? तेल तापतंय इथे. लसूण कोण घालणार?"

"अरे, मला चव..."

"ऐकलं मी. मीठ घालायच्या आधी चाखला होता तुमचा सॉस. असा मला वीस वर्षांत जमलेला नाही. या लवकर."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात धुतले.